आत्याच्या समासातल्या वेळा

॥ श्री ॥

हेब्बाळ, बंगळूर
८ जानेवारी २०२४

ती. चंद्राआत्यास सुखदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं आंतरदेशीय शनिवारी पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपला तू निनावी पत्र म्हणतेस, त्यामुळे आमच्या सोसायटीत पोस्टमन ओळखतो असं एकमेव बिऱ्हाड आमचं आहे. बिंदुमाधवचं कन्नड जोरात चाललंय. स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, या दोन शब्दांवर माझ्या नवऱ्याने अख्खं बंगळूर जिंकायचं ठरवलंय. परवा रिक्षावाल्याच्या तीन प्रश्नांना तीनदा सरी म्हणाला आणि ऑफिसऐवजी राजाजीनगरला उतरला.

आता मुद्द्याचं, आणि आधीच कान पकडते. बत्तीस वर्षं शाळेत मुलींचं अक्षर घटवलंस, पण दसऱ्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात एखादी ओळ मधूनच सुटून कागदाच्या काठापर्यंत जाते. शेजारच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले कंपवात असू शकतो. समासात तू १.२५, १.४० असं लिहितेस, त्या गोळ्यांच्या वेळा असणार हे मी ओळखलं. मग राहवेना, म्हणून पुण्याला बाबांना कळवलं. त्यांनी घरात बैठक घेऊन ठरवलं की तुझं देवनहळ्ळीचं घर विकायचं आणि तुला इथे आमच्याकडे आणायचं. प्लॉट पाडून विकणारे लेआउटवाले घ्यायला तयारच आहेत म्हणे. महिनाअखेर बाबा स्वतः येताहेत.

रागावलीस तरी लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी,
सुखदा

॥ श्री ॥

देवनहळ्ळी
१२ जानेवारी २०२४

चि. सुखदास चंद्राआत्याचे अनेक आशीर्वाद.

मला कंपवात नाही. मला दगडखाण झाली आहे.

घरामागचा डोंगर तुला आठवत असेल, लहानपणी जिथून घसरून फ्रॉक फाडला होतास तो. तिथल्या खाणीचा परवाना दसऱ्यालाच संपला. फाटकाला कुलूप आहे, बंद असल्याची पाटीही आहे, आणि मागच्या रस्त्याने लॉऱ्या बिनदिक्कत जातात. परवाना होता तोवर सुरुंग सकाळी उडायचा, आता रोज दुपारी एक ते दोनच्या मध्ये उडतो. नेमकी तीच माझी पत्रं लिहायची वेळ, आणि कुणा खाणवाल्यासाठी मी ती बदलणार नाही. घर हादरतं, टाक सुटतो. लोणच्याची बरणी फळीवरून चालत चालत काठाशी येते, तिला मी रोज संध्याकाळी घरी परत नेते. माझे कान गेले ते याच आवाजाने. शेजारच्या शिवलीलाच्या हालांचं मात्र हसू येत नाही. तिची विहीर आटली, उरलंय ते पाणी ताकासारखं पांढरं, द्राक्षाच्या पानांवर धूळ, आणि पोरं खोकून बेजार.

खाण खात्याच्या कचेरीत आम्ही दोघी तीनदा गेलो. खाण कागदावर बंद आहे, तारीख-वेळेचा पुरावा आणा म्हणतात. शिवलीलाने फोनवर चित्रण केलं, तर खाणमालकाचा माणूस म्हणतो तारीख काय, फोनमध्ये कुणीही बदलतो.

आणि त्या गोळ्यांच्या वेळा नव्हेत, शहाणे. वहीत डाग पडला की समासात वेळ आणि कारण लिहायचं, हा माझा वर्गातला नियम. वेळ लिहिली, कारण मुद्दाम गाळलं, ते कळलं असतं तर तुझा बाप दुसऱ्याच दिवशी ट्रक घेऊन आला असता. हे घर मी सोडणार नाही. इथे तुझे आतोबा आणि मी एकेक वीट निवडून लावली आहे, आणि मला इथेच राहायचं आहे. हे बघ, एक तेवीस, आत्ताच गेली रेघ.

लोभ भरपूर आहे, अक्कल मात्र तुलाच वाढवावी लागेल.

तुझी निरोगी आत्या,
चंद्राबाई

॥ श्री ॥

हेब्बाळ, बंगळूर
१७ जानेवारी २०२४

ती. चंद्राआत्यास शि. सा. न. वि. वि.

चुकले, शंभरदा चुकले. पण आत्या, तू पुरावा शोधत तीनदा कचेरी गाठलीस आणि पुरावा माझ्या कपाटात पडलाय.

दसऱ्यापासूनची तुझी अकरा पत्रं जेवणाच्या टेबलावर मांडली. आंतरदेशीयाचा कागद आणि पाकीट एकच, त्यामुळे जिथे रेघ पळाली त्याच कागदावर टपालाचा शिक्का. शिक्क्याची तारीख काही कुणाला फोनमध्ये बदलता येत नाही. शिवलीलाअक्कांकडून चित्रणं मागवून बिंदुमाधवने वेळा जुळवल्या. अकरापैकी नऊ दिवस मिनिटाला मिनिट जुळतं.

फक्त एक अडचण आहे. पत्रं कचेरीत द्यायची तर अख्खी द्यावी लागतील, आणि तू त्यांत काय काय लिहिलं आहेस ते तुला आठवतंय ना? माझ्या सासूबाईंची पुरणपोळी दारात पायपुसणं म्हणून चालेल, हे ऑक्टोबरमध्ये. बाबा लहानपणी पालीला भिऊन माळ्यावर चढले ते नोव्हेंबरमध्ये. जावई भला आहे पण रिकाम्या घागरीसारखा वाजतो, हे त्या घागरीने स्वतः मोठ्याने वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, विहिरीसाठी एवढं सोसू. तुझी परवानगी असेल तर पत्रं घेऊन सोमवारी दोघं येतो. बाबांना महिनाभर थांबायला सांगितलंय, त्यापुढे ते ऐकणार नाहीत.

आशीर्वाद आधी जावयाला दे, त्याला जास्त गरज आहे.

तुझी,
सुखदा

॥ श्री ॥

देवनहळ्ळी
९ फेब्रुवारी २०२४

चि. सुखदास अनेक आशीर्वाद, आणि चि. बिंदुमाधवरावांस त्याहून थोडे जास्त.

तुम्ही पत्रं पोचवून गेलात, पुढचं ऐक. परवा कचेरीतून बोलावणं आलं. हयवदन नावाचे नवे अधिकारी आले आहेत, वयाने तुझ्याएवढे. मराठी येत नाही, म्हणून मीच एकेक पत्र कन्नडमध्ये सांगायचं ठरलं. मला नीट ऐकू येत नसल्यामुळे मी किती मोठ्याने बोलते ते मला कळत नाही. पुरणपोळीपर्यंत येईतो बाहेरचे शिपाई आत आले आणि पालीच्या प्रसंगाला दोन टंकलेखिका खुर्चीवर उभ्या होत्या. तुझ्या बापाला हे जरूर कळव.

मालकाचा माणूस म्हणाला, म्हातारीचा हात थरथरतो, त्यात सुरुंगाचा काय दोष. मी तिथेच कागद मागितला आणि हयवदनांच्या टेबलावर चार ओळी लिहिल्या, पट्टीने आखल्यासारख्या. तरी माणूस हसत राहिला. हयवदन हसले नाहीत. काल बारा वाजता ते न सांगता माझ्या स्वयंपाकघरात हजर झाले, सोबत दोन पोलीस. मी भात वाढला, शिवलीलाने तिचं आमटीसारखं सारू आणलं. जेवून ते माझ्याच टेबलाशी पंचनामा लिहायला बसले. एक एकोणीसला घर हादरलं आणि त्यांची सही कागदावरून निघून थेट माझ्या टेबलावर गेली. मी बरणी धरली आणि त्यांना सांगितलं, अप्पा, समासात वेळ आणि कारण लिहा. पोराने निमूटपणे दोन्ही लिहिलं. मागच्या रस्त्यावरच्या लॉऱ्या आणि यंत्रं काल संध्याकाळीच जप्त झाली.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. डोंगर अर्धा गेला तो गेलाच, माझे कानही परत येणार नाहीत, आणि शिवलीलाच्या घरी अजून टँकरचंच पाणी येतं. विहिरीचं काय होतं ते एक-दोन पावसाळ्यांनी कळेल म्हणतात. खटला चालेल, मी साक्षीला जाईन, नवं लुगडं काढून ठेवलं आहे. पण घर विकायचं नाही. बापाला हे पत्र दाखव आणि ओळींत कंपवात सापडतो का विचार.

लोभ आहे तो असाच मुरत राहू दे.

तुझी आत्या,
चंद्राबाई

ता. क. खालच्या समासात मोठा डाग दिसेल. वेळ एक चाळीस. कारणही लिहिते. सवयीने एक वाजल्यापासून डाव्या हाताने दौत गच्च धरून लिहीत होते. चाळीस मिनिटं काहीच हललं नाही. मग माझं मलाच इतकं हसू आलं की दौत मीच सांडली.