शेवटच्या पन्नास फुटांची लय

निगोंबो, ४ जून २००३

चि. शिरोमीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला आठवतं, कॉन्व्हेंटात शनिवारी आपण दोघी एकाच बाकावर बसून पेटी शिकायचो आणि स्तोत्राची शेवटची ओळ तू धाडकन संपवायचीस? घरी आईचे नारळाचे पॅनकेक वाट बघत असायचे ना! सिस्टर बर्नादेत पट्टी आपटून म्हणायच्या, की शेवटची ओळ टाकायची नसते, अलगद ठेवायची असते. काल तुझी लेक दिलुक्षी मागच्या खोलीत विमान उतरवत होती, आणि मला तीच पट्टी ऐकू आली.

ती मजेत आहे, दोन वेळा नीट जेवते. मात्र जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणाली, की मागच्या परीक्षेत मोठं विमान तीनदा आपटलं, आता सिंगापूरला शेवटची संधी आहे, आणि ती हुकली तर कंपनी घरी बसवणार.

मागच्या खोलीतलं ऑस्मंडचं खोटं विमान तू पाहिलं आहेसच. कॉम्प्युटरचा पडदा, विमान हाकायला जुसे सुताराने करून दिलेले दांडे, आणि बसायला आमच्या जुन्या गाडीची सीट. वैमानिकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी त्यात बसून जगभर उतरायचे. आता काचबिंदूमुळे पडदा दिसत नाही, म्हणून सीटवर पोरीला बसवतात आणि आपण मागे डोळे मिटून ऐकतात. जमीन जवळ आली की यंत्रातला माणूस उंची म्हणत जातो, पन्नास फूट, चाळीस, तीस, वीस, दहा. आकडे घाईने आले की समजायचं, विमान पडतंय. पन्नासला नजर उचलून धावपट्टीच्या पार टोकाला न्यायची. तिसाला नाक किंचित वर घ्यायचं आणि इंजिनं हळूहळू शांत करायची. मग वीस आणि दहा यांच्यामध्ये एक श्वास मावेल एवढी जागा पडते.

ती जागा मला ऐकू आली, शिरोमी! मी म्हटलं, अहो, ही तर स्तोत्राची शेवटची ओळ. त्यावर म्हणाले, पस्तीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा तू माझ्या कामाचं बोललीस.

आता मी पेटीच्या झाकणावर ताल धरते आणि पोरगी उतरते. मोठ्या विमानात वैमानिक फार उंचावर बसतो. त्याला वाटतं अजून बराच अवकाश आहे, तोवर मागची चाकं टेकलेलीही असतात. म्हणून दिलुक्षी नाक उशिरा उचलायची. ऑस्मंड तिला सांगतात, डोळे फसवतात, कानांवर राहा. पुढे असंही म्हणत होते, की पाऊस असेल तर हा सगळा नाजूकपणा घरी ठेवून जायचं. मी त्यांना गप्प केलं. पोरीच्या डोक्यात आधीच काय कमी गोंधळ आहे?

आम्हां दोघांवरची तुझी माया अशीच असू दे.
तुझी,
नोएलीन अक्का


चिलाव, ११ जून

ती. नोएलीन अक्कास शिरोमीचा शि. सा. नमस्कार.

धन्य आहे तुम्हां दोघांची! एकाला दिसत नाही, दुसरीला विमानात बसलं की ओकारी येते, आणि हे गुरुजी माझ्या लेकीला विमान शिकवणार. बँकेतली चांगली नोकरी चालून आली होती, तेव्हा भावजींनीच तिचे कान भरले. म्हणावं, आता नापास झाली तर तिची समजूतही तुम्हीच घाला.

शेवटची संधी आहे हे मला तुझ्या पत्रातून कळतं, अक्का. लहानपणी चिंचेवरून पडली, तेव्हाही मोडलेला हात पाठीमागे धरून जेवायला बसली होती. दुखलं की आईपासून लपवायचं, ही तिची जुनी खोड.

तलाविलाला जाऊन संत आनाला मेणबत्ती लावून आले. कांद्याच्या संबोलची बरणी पाठवते आहे. भावजींच्या डोळ्यांत औषध वेळेवर पडतंय ना? तसंच तालही धर, नाहीतर माझ्यासारखी घाई व्हायची तिची.

मला विसरू नका.
तुझी,
शिरोमी


निगोंबो, २ जुलै

चि. शिरोमीस अनेक आशीर्वाद. बरणी पोचली आणि संपलीही.

दिलुक्षीने फोनवर पास झाले म्हटलं आणि हमसून रडली. आनंदाने पोर असं रडत नाही, म्हणून तू दोनदा फोन केलास. तिने सांगायचं नाही असं बजावलं होतं, पण आता सगळं मिटलं आहे, तेव्हा लिहिते.

विमानतळावरून ती तडक इथे आली. पिशवी दारात टाकली आणि लोकुतात्ता, लोकुतात्ता करत ऑस्मंडच्या पायाशी बसून पुन्हा रडू लागली. झालं होतं असं, की परीक्षेच्या खोट्या विमानात शेवटच्या उतरण्याला परीक्षकाने पडद्यावर धो धो पाऊस लावला. तिसाला तिने नाक उचललं, वीस आलं, आणि आम्ही घोटून घेतलेली ती जागा सुरेख पडली. पण विमान खाली येईना, आणि ओली धावपट्टी पायाखालून सरकत चालली. तेव्हा तिने मन घट्ट केलं आणि धप्पकन टेकवलं. परीक्षकाने पास केलं. हिला मात्र वाटलं, लोकुतात्तांच्या शिकवणीला आपण बट्टा लावला. म्हणून तुला सांगेना आणि त्यांच्यापुढे यायला घाबरली.

ऑस्मंडनी एवढंच विचारलं, की वीस आणि दहा यांच्यात किती जागा होती. तिने त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी वाजवून दाखवलं, आणि मग धप्प. ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, गाढवे, ओल्या पट्टीवर मऊपणाच्या मागे लागलं की पट्टी संपते आणि विमान समुद्रात जातं. हे मी सांगत होतो, तुझ्या लोकुअम्माने तोंड धरलं माझं! तू ते स्वतःहून केलंस. तो धप्प मला ऐकायला मिळायला हवा होता.

मीही मग रडून घेतलं.

आज सकाळी ऑस्मंड म्हणाले, मागची खोली मोकळी करू. डॉक्टर म्हणतात, उरलासुरला उजेडही पावसाळ्याअखेर जाईल. मी म्हटलं, नुसतं ऐकत बसायला काय हरकत आहे? तर म्हणाले, आता कुणाचं ऐकू?

तुझा लोभ आहेच, तो मी मागत नाही. फक्त पुढचं नीट वाच. कॉम्प्युटर आणि पडदा फादर अन्सेल्म यांच्या शाळेला द्यायचा. दांडे दिलुक्षीचे. ती नको म्हणेल, तरी तुझ्या कपाटात ठेव, पुढे मागेल. पेटी तू घेऊन जा, माझी बोटं आखडू लागली आहेत. शेवटच्या ओळीला घाई करू नकोस. गाडीची सीट मात्र कुणी मागितली तरी द्यायची नाही, ती मी व्हरांड्यात आणून ठेवली आहे. दिलुक्षीचं पहिलं विमान आपल्या छपरावरून कटुनायकेला उतरायला जाईल, तो दिवस आणि वेळ तिने आधी कळवावी. ते सीटवर बसतील. आकडे मी म्हणेन.

तुझी,
अक्का