दारावरची पाटी

दादा,

मी बेकरीत परत चालले आहे. जेवायच्या सुट्टीत घरी आले, तर बाबा ओल्या पायजम्यात खुर्चीवर बसलेले. संडासाला न्यायला त्यांनी भिंतीवर काठी आपटून तुला बोलावलं, आणि तू काय केलंस? खोलीची कडी लावून आत भक्तिगीतांचा आवाज वाढवलास! वर बाबाच मला दबक्या आवाजात सांगतात, "हळू बोल, दादा प्रार्थनेला बसलाय."

रविवारी उपासनेत तू 'ख्रिस्तामध्ये राहणं' यावर बोलणार आहेस ना? कडी लावली की ख्रिस्त आत आणि आम्ही बाहेर, असं तुला कोणी सांगितलं? मी कणीक मळताना त्याच्याशी बोलते. आज बाबांना पुसतानाही बोलले, सगळ्या तुझ्याच तक्रारी. आणि बाबा? रविवारी तुला नीट बोलता यावं म्हणून डोळे मिटून प्रार्थना करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खुर्चीची गादी धुऊन वाळत घातली आहे, ती उलटी कर.

तुझ्या दारावरची 'प्रार्थना चालू आहे' ही पाटी काढून मी बाबांच्या दारावर लावली आहे. ती वाचून बाहेर थांबू नकोस. आत जा.

धाकटी