उचलून ओढायचा खण

मी, वय एक्याऐंशी, धंदा घर सांभाळणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं समोर बसलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. पुतण्याला शंका असेल तर त्याने स्वतःचं तपासून घ्यावं.

कलम १. हे घर यांनी आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी बांधलं. सपाट छत, मोझॅकची फरशी, पिवळ्या सनमायकाचं स्वयंपाकघर, तिरक्या पायांचं फर्निचर. घराचा आणि फर्निचरचा कर्ता म्हणून दारावरच्या पाटीवर यांचं नाव आहे. दर रविवारी लोक तिकीट काढून बघायला येतात आणि "काय तो जमाना!" म्हणून उसासे टाकतात. घर मुलीला द्यावे. रविवार चालू ठेवायचे की नाही, ते ती बघेल.

कलम २. वेताच्या खुर्च्या पुतण्याला देऊ नयेत. "काकू, बरी आहेस ना?" विचारता विचारता तो खुर्ची उलटी करून किमतीच्या अंदाजासाठी खालचा शिक्का शोधतो. त्याला भिंतीवरचं, सूर्यासारखे किरण असलेलं घड्याळ द्यावे. ते बंद आहे, हे आधी सांगू नये.

कलम ३. बैठकीतलं लांब सागवानी कपाट. याचा मधला खण नुसता ओढून निघत नाही, किंचित उचलून ओढावा लागतो. यांनी दाखवलं तेव्हा कुठे मला जमलं. गेल्या वर्षापासून रविवारी एक पांढऱ्या केसांच्या बाई येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी तो खण दोन बोटांनी अलगद उघडला. नक्की काहीतरी काळंबेरं आहे! माझ्या आधी या घरात कोण वावरून गेलं? हे जाऊन सात वर्षं झाली, विचारू कोणाला? बाईंना विचारायला जीभ रेटेना.

वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मी पडले भिडस्त. ऐन वेळी विरघळून कपाट त्यांना देऊन बसायला नको, म्हणून बाईंनाच साक्षीला बसवलं आहे. कपाट मुलीला द्यावे.

सही: घरमालकीण
साक्षीदार: १. डॉक्टर  २. रविवारच्या बाई
स्थळ: याच घराची बैठक. दि. ९ ऑगस्ट

पुरवणी, त्याच दिवशी, अर्ध्या तासाने.

बाईंनी सहीखाली तारीख घातली आणि मी बघतच राहिले. नऊच्या शेपटाला गाठ! त्या खणाच्या बुडाला पेन्सिलीने मापं लिहिलेली आहेत, तिथेही असाच गाठीचा नऊ आहे. यांचा नऊ साधा असे.

"हा आकडा तुमचा?"

"माझाच. इथले सुतार म्हणजे माझे बाबा. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून माप, करवत, रंधा, सगळं मीच केलं. तो खण तेवढा चुकला."

"आणि दारावरच्या पाटीवर फर्निचरलाही यांचंच नाव?"

"साहेब म्हणाले, बाईमाणसाने केलंय म्हटलं तर लोक हसतील."

"मग दर रविवारी तिकीट काढून कशाला येता?"

"लाकूड सुकत नाही ना, ते बघायला. तुम्ही तेल छान लावता हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मी या बाईबद्दल नाही नाही ते मनात आणलं. आणि ज्यांच्यावर आंधळा विश्वास टाकला, त्यांचं खोटं मात्र साठ वर्षं पाटीआड लपून राहिलं.

सबब कलम ३ रद्द. कपाट बाईंना द्यावे. पाटीवर बाईंचं नाव घालावे. ते काम मी मरायची वाट न बघता उद्याच सुरू करावे. आता त्यांना कपाट मिळणार, म्हणून त्यांची साक्षीची सही खोडली आहे. नऊ मात्र मी खोडू दिला नाही.

सही: घरमालकीण
साक्षीदार: १. डॉक्टर  २. शेजारच्या मास्तरीणबाई (हाक मारून बोलावल्या)
स्थळ व तारीख वरीलप्रमाणे