वोशरे घराण्याची कढई

४ मार्च
एलोदीने लग्न ठरवलं. खाटीक रागोच्या मुलाशी. अभिनंदन म्हणून रागोने माझ्या गालाला चारदा गाल लावला, तेव्हापासून कॉलरला आतड्यांचा वास येतोय. शिसारी.
एलोदी म्हणाली, बाबा, लग्नानंतरही मी वोशरेच राहणार. एकुलती एक आहे, तिच्यानंतर वोशरे कुणी नाही. पण पोरींचा काय भरवसा? आडनावाचा मोठेपणा पुराव्यानिशी पटवायचा. उद्यापासून.

१९ मार्च
उद्यापासून जमलं नाही. पाठ धरली होती.
आज बूर्ज शहरातल्या सरकारी दफ्तरखान्यात सापडलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या काळातली, घराण्यांची मानचिन्हं असलेल्या ढालींची वही. ‘वोशरे, व्यापारी : हिरव्या ढालीवर चंदेरी कढई.’ कढई, म्हणजे राजाचा मुदपाकखाना आमच्याकडे असणार. उघड आहे. खालच्या ओळी वाचल्या नाहीत. जेवणाची वेळ झाली होती.

२ एप्रिल
दारावर ढाल रंगवून घेतली. बायको सोलांज म्हणाली, त्यापेक्षा गळकं पन्हळ दुरुस्त केलं असतं तर बरं. बायकांना इतिहास कळत नाही.

९ एप्रिल
रागो मंडळींना जेवायला बोलावलं, मुद्दाम ढालीखालून आत आणलं. रागो बराच वेळ वर बघत राहिला. दिपला. येताना आतड्यांचं सॉसेज घेऊन आला होता. मला ताटाकडे बघवेना. ढाल कुठल्या वहीत सापडली, त्याने विचारलं. मोठ्या मनाने पान नंबर दिला.

२० एप्रिल
रागो बूर्जला जाऊन आला. म्हणतो, राजाला लढाईसाठी पैसा हवा होता, म्हणून दुकानदारांवर फी भरून ढाल नोंदवायची सक्ती झाली. ज्यांनी टाळाटाळ केली, त्यांच्या गळ्यात कारकुनाने ओळीने एकच कढई मारली, रंग तेवढे बदलून. हिरवी ढाल वोशरे. तिच्याखाली लाल, रागो, खाटीक.
थाप. स्वतः जाऊन पाहिलं. अख्खं पान कढयांचं. कारकून नालायक होता.

२२ एप्रिल
रागोने दुकानाच्या काचेत लाल ढाल टांगली, आतड्यांच्या वर. बेकरीच्या रांगेत मला ‘काय भाऊबंद’ म्हणाला. रांग हसली. किळस आली. आमची ओळ त्याच्या वर आहे, हे एलोदीला नीट समजावणार.

१३ मे
लग्न लागलं. नगरपालिकेच्या फॉर्मवर वापरायचं आडनाव लिहायचं असतं. एलोदीने रागो लिहिलं.
विचारलं, तर शांतपणे म्हणाली, आजोबा सायकली दुरुस्त करायचे, त्यांचं नाव म्हणून मला वोशरे आवडायचं. आता ते ऐकलं की लोकांना कढई दिसते. आणि दोन्ही घरं एकाच पानावरची, हे तुम्हीच शोधून काढलंत ना बाबा.
फार वाईट वाटलं.
मग साक्षीदारांच्या सह्या. मी वोशरे लिहिलं, ठळक. सोलांजने पेन घेतलं आणि माहेरचं नाव लिहिलं.