मुक्ताच्या गाडीचं पासिंग

३ नोव्हेंबर, सोमवार
चहा झाला. गुडघा बरा. झाडांची पानं सगळी गळाली, नुसत्या काड्या राहिल्यात. त्याही छान दिसतात.

आज नातीची गाडी नीट बघितली. विमानतळावर मला घ्यायला आली तेव्हा मी मुक्ताकडं बघत होते, गाडीकडं कोण बघतंय! चंदेरी आहे. वय अठरा. मुक्ता चोवीसची, म्हणजे धाकटी बहीणच की. पुढच्या काचेवर खाली कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवलीय, तिच्यावर ११. म्हटलं हे काय गं?

"आज्जी, ते इन्स्पेक्शनचं स्टिकर. दर वर्षी करावं लागतं. नोव्हेंबरच्या एंडपर्यंत पास नाही झाली तर रोडवर काढता येत नाही."

म्हणजे पासिंग! मला काय आनंद झाला. एवढ्या लांब आले आणि इथंही पासिंग! आमच्या ह्यांचा टेम्पो होता कराडला. दर साली पासिंग आलं की घरात लग्नघाई. पुढं रंग, मागं रंग, ह्यांना जेवण गोड लागायचं नाही.

"आणि नाही झाली पास तर?"

"तर जॉब गेला, आज्जी."

एक डिसेंबरपासून तिची पहिली नोकरी. नदीचं पाणी तपासायची. तासाभरावरचं गाव, तिथून बाटल्या घेऊन ओढ्याओढ्यानं हिंडायचं. बस जात नाही. मुलाखतीत विचारलं होतं, स्वतःची गाडी आहे का? ही म्हणाली, आहे.

आहे तर खरी.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शाल्मली म्हणून मुलगी मुक्ताबरोबर राहते, नागपूरची. कॉम्प्युटरचं शिकते, भाकरी गोल करते. ती म्हणाली, "आज्जी, हे मॉडेल पहिल्या झटक्यात पासच नाही होत. ऑनलाइन सगळे रडून राहिले."

"शाल्मली, यार, नॉट हेल्पिंग," मुक्ता म्हणाली. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मी त्या ऑनलाइनला मानत नाही. स्थळ बघताना आपण काय करतो? चौकशी. घराणं कसं, कोणाला काही दुखणं आहे का. तसंच करायचं. शनिवारी मंडळाची दिवाळी आहे, सगळी मराठी घरं येतील.

९ नोव्हेंबर, रविवार
काल दिवाळी झाली. (आपली होऊन किती दिवस झाले! इथं हॉल मिळेल तेव्हा दिवाळी.) अनारसे कोणी केले होते विचारू नये.

ह्याच जातीची गाडी तीन घरांत निघाली. तिघांनाही विचारलं, पास होते का? तिघंही म्हणाले, "आमची? कधीच नापास नाही!" पेंढारकर काकू तर म्हणाल्या, "दर साली, पहिल्या फटक्यात." माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पेंढारकर चकली खात आले आणि म्हणाले, "होणारच की! आधी महिनाभर गॅरेजलाच असते. ब्रेक बदला, नळी बदला, मग पास."

काकूंनी त्यांच्याकडं असं बघितलं की चकली हातातच राहिली.

तर हे असं आहे. मुलगी सुगरण म्हणायचं आणि पोहे आईनं केलेले. बाकीच्या दोघांना परत विचारायला गेले तर ते आधीच निघून गेले होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज माझ्या हातून जरा जास्तच झालं.

पासिंगला ह्यांची एक रीत होती. गणपतराव शेजारी होते, त्यांच्याकडं पण टेम्पो. ह्यांच्या पासिंगला त्यांचे टायर, त्यांच्या पासिंगला आमचे. सकाळी लावायचे, संध्याकाळी परत. कधी कुरबूर नाही. आता काकूंची गाडी हीच, माप तेच. मी फोन लावला.

"काकू, सोमवारी एक दिवसापुरते टायर द्याल का? संध्याकाळी पोचवते."

"टायर?"

"चारच."

फोनमध्ये टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग म्हणाल्या, ह्यांना विचारून सांगते. त्यांनी विचारलं मुक्ताला. मुक्ता घरी आली ती डोकं धरून. "आज्जी! टायर कोण मागतं? आणि माझे टायर गुड आहेत!" खाचेत नाणं उभं घालून दाखवलं. बुडलं. बरे आहेत म्हणायचे.

माझ्या मुलाचा, अशोकचा, प्लेनोहून फोन. म्हणाला, "आई, आमच्या टेक्ससमध्ये ही भानगडच काढून टाकली. आता नुसता धूर बघतात."

म्हटलं, मग तुमच्याकडच्या गाड्या कशा असतात रे?

म्हणाला, "मोठ्या."

१६ नोव्हेंबर, रविवार
मस्त ऊन. गाडीची आंघोळ. पुढचे दिवे पिवळे पडले होते, मोतीबिंदू झाल्यासारखे. टूथपेस्ट लावून घासले, अर्धी ट्यूब संपली. लखलखीत! मुक्ता म्हणाली, "ओ माय गॉड, आज्जी!" आणि गालाचा पापा घेतला. मग ती नोकरीचं काही वाचायला आत गेली.

तिच्या बाजूचं दार करकरतंय हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. वाटीत तेल कोमट केलं आणि बिजागरीत, कडीत, जिथं भोक दिसेल तिथं फुलवातीनं सोडलं. आवाज गेला. दार असं फिरायला लागलं जसं लोणी.

उद्या पासिंग. रात्रीतून थंडी पडणार म्हणतात. पडू दे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नापास.

गॅरेजवाले आजोबा माझ्याच वयाचे असतील, पांढरी दाढी. मला ग्रँडमा म्हणतात. म्हणाले, ब्रेक चांगले, खालचा पत्रा चांगला, दिवे तर नव्यासारखे (मी मुक्ताला कोपरानं ढोसलं). पण चालवणाऱ्याचं दार आतून उघडत नाही. आजोबा स्वतःच आत अडकले होते, पलीकडच्या दारानं सरपटत बाहेर आले. दार आतून उघडलंच पाहिजे असा कायदा आहे. बरोबरच आहे कायदा.

"कडीत काहीतरी व्हाइट बसलंय," मुक्ता म्हणाली. "वॅक्ससारखं. सकाळी पण जड गेलं, मला वाटलं थंडीनं."

मी खिडकीबाहेर बघत होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मुक्ता केसांना तेल लावायला बसली. खोबरेलाची बाटली पालथी केली, काही पडेना. चमच्यानं खरवडलं. पांढरं. चमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आज्जी..."

मी पोहे परतत होते. परततच राहिले.

जन्मभर थंडीत बाटली उन्हाला ठेवली, पण कडीतलंही गोठेल हे सुचलं नाही. पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली, म्हणजे खरंच चिडली. पोहे मात्र दोनदा घेतले.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आजच्या दिवसाचं काय सांगू. खिडकीतून वायर सोडली, केस वाळवायचं यंत्र लावलं, शाल्मली दाराशी आणि मी वायर धरून. दहा मिनिटांत तेल गळायला लागलं. सगळ्या पार्किंगला सोलकढीचा वास. मुक्तानं फडक्यानं टिपून घेतलं. आतून ओढलं, उघडलं! आम्ही तिघी नाचलो. शाल्मली म्हणाली, मी पण एकदा करून बघते. ओढलं.

"आज्जी, हे तर हातात आलं."

अठरा वर्षांची मूठ, प्लास्टिकची. नवी मागवलीय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
थँक्सगिव्हिंग, इथला मोठा सण. सगळं बंद. मूठ अजून वाटेत. आजोबांनी शनिवारची शेवटची वेळ ठेवलीय, रविवारी महिना संपला.

मुक्ता पुरणपोळीचे नुसते तुकडे करत होती. म्हणाली, "मी त्यांना ईमेल करते, कार नाही. दुसऱ्या कुणाला घ्या." म्हटलं शनिवारपर्यंत काही लिहू नकोस. "आणि हे बघ, चूक माझी आहे. मी आले नसते तर हे झालं नसतं. पण मी आले नसते तर दिवे पिवळेच..."

हसली एकदाची. पोळी अर्धी माझ्या ताटात टाकली. लहानपणी पण अशीच टाकायची.

२९ नोव्हेंबर, शनिवार
गॅरेजमध्ये बसून लिहितेय. मूठ काल आली. आजोबांनीच बसवली. मघाशी दहादा दार उघडलं-लावलं, आम्ही काचेतून मोजलं. मला वाटलं झालं. तर म्हणाले, थंडीत रस्त्यावर फिरवून आणतो, मगच.

गेलेत. मुक्तानं मोबाइल पालथा ठेवलाय. ईमेल लिहून ठेवलीय, पाठवलेली नाही. मी विचारलं नाही, मला दिसली.

एक गाडी आली. उठले. मुक्ता म्हणाली, "ती आपली नाही." कशावरून? "आवाजावरून." आता आवाजसुद्धा ओळखते पोरगी.

ही आपली.

समोरच लावली. इंजिन बंद केलं. आजोबा आत बसलेत, मान खाली. कागदावर लिहितायत का दार उघडेना म्हणून बसलेत, इथून कळत नाही. मुक्तानं माझा हात असा धरलाय की लिहिता येईना. आजोबा अजून—