उघडा पोर्ट आणि एक तार

भाऊ,

मागच्या महिन्यात मी एका बाईवर आळ घेतला. ती आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, माहेर वरवट बकालचं, वय तिशीच्या आसपास. मला काका म्हणायची आणि माझ्या बायकोला काकू. शाळेचे ऑनलाइन फॉर्म मोबाइलवर नीट भरले जात नाहीत म्हणून आठ-पंधरा दिवसांनी खाली येऊन माझ्या संगणकावर बसायची. निवृत्तीनंतर मुलानं घेऊन दिलेला संगणक आहे तो. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळे ही सगळी माणसं तुम्हाला नवीन. पण जे घडलं ते ऐकल्यावर तुम्ही मान हलवली असती, कारण माझी ही खोड तुम्ही फार आधी पाहिली होती.

तुम्हाला आठवत असेल, खामगावच्या एक्स्चेंजला मी लागलो तेव्हा मला पाना धरायचीही अक्कल नव्हती. ज्या खोलीत गावातल्या सगळ्या फोनच्या तारा येऊन लोखंडी चौकटीवर ओळीनं डागलेल्या असायच्या, तिला आपण फ्रेम म्हणायचो, आणि ती तुमच्या ताब्यात होती. मी देशमुखी वळणाच्या घरातला, शेतीवाडीवाला. तुम्ही बौद्धवाड्यातून शिकून वर आलेले आणि माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. पहिल्या महिन्यात तुमच्या घरी आलो की 'आत्ताच पाणी पिऊन आलो' असं सांगायचो. तुम्ही एकदाही आग्रह केला नाहीत. पुढे वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा मी कितीदा जेवलो, तेही मोजलं नाहीत. एकदा स्टेशन रोडवरचे सहा फोन एकदम बंद पडले. मी चौकटीसमोर उभा राहून बोलून गेलो की त्या नव्या लाइनमननंच केबल तोडली असणार, त्याचं कामात लक्षच नसतं. तुम्ही हातातली कात्री खाली ठेवलीत.

"तू तार पाह्यली काय?"

"नाही, पण तोच होता तिकडे."

"मंग माणसाचं नाव काऊन घेऊन राह्यला? इथून सुरू कर. एक एक जागा तपासत जाय. फॉल्ट सापडला की मंग बोल."

दुपारी फॉल्ट सापडला. पावसाचं पाणी खांबावरच्या डब्यात शिरलं होतं. लाइनमनचा काही संबंध नव्हता. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत, आणि मला वाटलं, आपण शिकलो.

तर गेल्या महिन्यात सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत कोणीतरी सांगितलं की अमक्याच्या संगणकात बाहेरून कोणी शिरलं आणि त्याची सगळी कागदपत्रं नेली. घरी येऊन मी एका व्हिडिओत पाहून संगणकाच्या काळ्या खिडकीत एक हुकूम टाइप केला. तो दिला की संगणकावर कोणकोणते पोर्ट उघडे आहेत त्याची यादी येते. पोर्ट म्हणजे काय ते तुम्हाला एका वाक्यात समजलं असतं. आपल्या चौकटीवर जशी प्रत्येक जोडीला नंबराची जागा असायची, तशाच संगणकाच्या आत नंबराच्या जागा असतात, आणि एखादा प्रोग्रॅम त्या जागेवर बाहेरच्या हाकेची वाट पाहत बसतो. यादीत एक नंबर मला अनोळखी दिसला. ५९००. शोधून पाहिलं तर कळलं की दुसरीकडे बसून आपला पडदा बघण्यासाठी हा नंबर वापरतात. त्या ओळीपुढे इंग्रजीत शब्द होता, लिसनिंग. म्हणजे ऐकतोय. कोणीतरी माझ्या घरात कान लावून बसलंय असंच मला वाटलं.

त्याच ओळीच्या शेवटी एक आकडा होता. हा पोर्ट कोणत्या प्रोग्रॅमनं उघडला ते त्या आकड्यावरून काढता येतं, असं त्याच व्हिडिओत पुढे सांगितलं होतं. मी व्हिडिओ पुढे पाहिला नाही. मी सरळ जिना चढून वर गेलो.

ती वह्या तपासत होती. मला पाहून उठली, खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"तू खालच्या संगणकावर काही टाकलं काय?"

"काय टाकलं, काका? बदलीचा फॉर्म भरला अन् प्रिंट काढली. काकू बसल्या होत्या ना बाजूले."

"बाहेरून कोणाले तरी माह्या संगणकातलं दिसते. तुह्याशिवाय त्याच्यावर कोणी बसत नाही."

"मी काऊन करीन असं?"

भाऊ, इथं मी थांबू शकलो असतो. पण मी म्हटलं, "तुहा भाऊ शिकते ना कम्प्युटरचं? तुमच्यातल्या पोरांले आजकाल सगळं जमते."

तिच्यामागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तुमच्या बैठकीत होती तशीच. तिनं हातातली वही मिटली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यातल्या म्हंजे कोणातल्या, काका?"

मी जिना उतरून खाली आलो. चौथ्या दिवशी तिनं खोली रिकामी केली. किल्ली बायकोच्या हातात दिली, माझ्या नाही. संगणकावर तिच्याशिवाय कोणी बसत नाही हेही खोटं होतं. माझा भाचा दर रविवारी येऊन त्यावर तासन्‌तास बसतो. त्याचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. का आलं नव्हतं, ते मला ठाऊक आहे.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "आता तरी पाहा, काय होतं ते." तेवढंच बोलली, पण मला संगणकासमोर बसणं भाग पडलं. मी तोच हुकूम पुन्हा दिला. ओळीच्या शेवटचा आकडा कागदावर लिहिला, चालू प्रोग्रॅमांच्या यादीत तो शोधला, त्यावरून फाइल काढली आणि फाइलची तारीख पाहिली. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली होती. ती शिक्षिका आमच्याकडे येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. मग मला सगळं आठवलं. त्या दिवाळीत माझा प्रिंटर चालत नव्हता आणि मी पुण्याच्या मुलाला फोन करून सतावत होतो. तो म्हणाला होता, "बाबा, एक प्रोग्रॅम टाका, म्हणजे इथून मला तुमचा पडदा दिसेल." प्रोग्रॅम मीच उतरवला. 'हो' मीच दाबलं. पासवर्डही मीच ठेवला. प्रिंटर दुरुस्त झाल्यावर तो काढून टाकायचा राहिला, आणि संगणक सुरू झाला की तोही दर वेळी सुरू होत राहिला. 'ऐकतोय' याचा अर्थ एवढाच होता की तो वाट पाहतोय. मी प्रोग्रॅम काढला, संगणक बंद करून चालू केला, यादी पुन्हा पाहिली. ती ओळ गेली होती. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. जिना चढायच्या आधी माझ्याकडे वीस मिनिटं नव्हती असं नाही.

आता तुमच्यासमोर दुसरी गोष्ट काढतो. ती मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आपण खामगावला असताना कापसाच्या त्या व्यापाऱ्यानं तक्रार केली होती की त्याचं फोनवरचं बोलणं बाहेर फुटतंय, त्याचे भाव बाजारात आधीच कळतायत. फ्रेम तुमच्याकडे, म्हणून संशय तुमच्यावर आला. साहेबांनी तुम्हाला चार माणसांसमोर विचारलं, "कोणाला ऐकवता?" तुम्ही म्हणालात, "तपासा साहेब, अख्खी फ्रेम तपासा." कोणी तपासली नाही. तुमची मेहकरला बदली झाली, आणि सेवापुस्तकात शेरा आला.

बदलीचा हुकूम आला त्याच दिवशी संध्याकाळी मी चौकटीमागे गेलो आणि मला ती तार सापडली. बाजारातल्या एका दुकानाचा फोन कायमचा बंद झाला होता. त्याची तार काढायला तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी ती काढली नव्हती. तीच जागा पुढे व्यापाऱ्याला दिली गेली. दुकानात पडून राहिलेला जुना फोन कोणी उचलला की त्याला व्यापाऱ्याचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. मी तार तोडली, गुंडाळून खिशात घातली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवसापासून बोलणं फुटायचं थांबलं. तुमच्या बदलीचा हुकूम आला आणि फुटायचं थांबलं, म्हणजे तुम्हीच होता, असं सगळे म्हणाले. मी तिथंच उभा होतो.

निघायच्या दिवशी तुम्ही फ्रेमच्या खोलीत आलात. चौकटीवरून बोट फिरवत गेलात आणि त्या जागेशी थांबलात. तिथं कथलाचा तुटलेला डाग ताजा चमकत होता. मग खांद्यावरचा तुमचा टेस्टिंगचा फोन काढून माझ्या हातात दिलात. "आता फ्रेम तुह्याकडे," म्हणालात, "नीट पाह्यत जाय." तुमच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित बोललो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा निरोप आला तेव्हा मी ड्युटी आहे असं कळवलं. त्या दिवशी माझी सुट्टी होती.

गेल्या रविवारी ती माहेरी आली होती, म्हणून मी शेगाववरून वरवट बकालची बस धरली. तिच्या आईनं ओसरीत खुर्ची टाकली, पाणी दिलं, मी प्यायलो. ती बाहेर आली, दाराशी उभी राहिली. मी म्हटलं, "चूक झाली बाई. सापडलं ते. पोरानं टाकलं होतं."

"बरं झालं सापडलं," ती म्हणाली. मग विचारलं, "अन् ते 'तुमच्यातल्या' म्हणाले होते, ते कोणं टाकलं होतं काका?"

"ते माहंच होतं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि आत गेली. आईनं चहा आणला. तो मी एकट्यानं प्यायलो. ती परत राहायला येणार नाही. तिनं शाळेजवळ दुसरी खोली घेतलीये, बायको तिकडे तिला भेटायला जाते, मला सोबत चला म्हणत नाही. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं की माफी मागतानाही प्रोग्रॅम टाकल्याचा दोष मी मुलावर ढकलून आलो होतो.

निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्ये कोणीतरी लिहिलं होतं की तुमची मुलगी बुलढाण्याला कॉलेजात शिकवते. तुमच्यावरचा तो शेरा तिला माहीत असणार, आणि घरात त्यावर कधीतरी बोलणं झालंच असणार. तार कोणाची होती, हे तिला कळायला हवं. बुलढाणा इथून दीड तासावर आहे. हे चार कागद मी तिला पाठवणार नाही. पत्ता नाही म्हणून नाही. पत्ता मी विचारून घेतलाय, लिहूनही ठेवलाय. हे तिच्या दारात उभं राहून माझ्या तोंडानं सांगायचंय.