दादाचे ड्रम्स काढले

मंगळवार, ४ मार्च

दादाचे ड्रम्स काढून टाकले! सगळ्या गाण्यांतून. मला न विचारता!

अल्बमचं पहिलं मिक्स ऐकायला बोलावलं होतं. मी केस धुऊन, नवा शर्ट घालून गेले — मूर्खासारखी. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला कळेचना काय बिघडलंय. आवाज माझा, गिटार माझी, बेस झकास. आणि खाली कुणीतरी भिंतीत खिळे ठोकतंय. टक, टक, टक.

‘‘दादा कुठेय?’’ मी विचारलं.

‘‘हेच राहणार आहे,’’ कान म्हणाला.

आमच्या निर्मात्याला मी आणि दादा पाठीमागे ‘कान’ म्हणतो. काहीही विचारा, ‘माझे कान सांगतात’ हे उत्तर ठरलेलं. आज तेही म्हणाला नाही.

‘‘मशीन लावलंत?’’

त्याने खुर्ची फिरवली आणि दुसरं गाणं लावलं. त्यातही तेच!

दादा म्हणजे काय भाड्याने आणलेला वादक आहे? सख्खा भाऊ आहे माझा! मी पहिलं गाणं लिहिलं तेव्हा घरात फक्त तो हसला नव्हता. या अल्बममधली अर्धी गाणी त्याच्या स्वयंपाकघरात झाली. मी ओट्याशी गुणगुणायची, तो टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, वहिनी ओरडायची — ‘अरे, चहा सांडेल!’ कव्हरवर माझं एकटीचं नाव येणार. पण अल्बम आमचा दोघांचा आहे.

आणि याने तो पुसला. पाटी पुसावी तसा.

बुधवार, ५ मार्च

दादाला फोन केला. वाटलं, तो तरी खवळेल. तर हसला!

‘‘अगं चिमे, मशीनला चहा लागत नाही, सुट्टी लागत नाही. चांगलंय की.’’

‘‘तुला राग कसा येत नाही?’’

‘‘तू चिडतेयस ना, दोघांच्या वाटचं?’’

मग म्हणे, गाडी गरम होतेय, ठेवतो. नेहमीचंच. कुणी पायावर पाय दिला तर हाच आधी सॉरी म्हणणार.

शुक्रवार, ७ मार्च

स्टुडिओत जाऊन भांडले. कडाकडा भांडले.

कानाला म्हटलं, ऐका, दादा ठोका किंचित उशिरा देतो. मुद्दाम. मागे रेलून बसल्यासारखा. मी त्याच्यावर भार टाकून गाते. तुमचं हे यंत्र डोक्यावर उभं राहून घाई करतं!

‘‘काही टेक नीट आले नव्हते,’’ तो म्हणाला.

हो, नव्हते आले! दादा दमला होता. अधूनमधून थांबून ‘पुन्हा घेऊ’ म्हणत होता. दिवसभर नोकरी करून येणारा माणूस दमणार नाही? मग पुन्हा बोलवायचं! एवढी साधी माणुसकी नाही?

मी त्याला बहिरा म्हटलं. दगड म्हटलं. तो चष्मा पुसत बसला. त्याने आणखीच डोकं फिरलं. म्हटलं, हे जे लावलंय ना तुम्ही, त्यात जीव नाही. प्रेत आहे ते! प्रेताला टाय घालून उभं केलंय!

तेव्हा मात्र त्याने मान वर केली.

‘‘मला काय बोलायचं ते बोल. त्या ठोक्यांना बोलू नकोस.’’

ठोक्यांना बोलू नकोस! बघा! यंत्राचा पुळका, माणसाचा नाही.

शनिवार, ८ मार्च

‘दगड’ फार सौम्य झालं.

सोमवार, १० मार्च

बेस वाजवणारी मैत्रीण घरी आली. तिला वाटलं समजूत काढावी.

‘‘तू दादाशी बोल आधी.’’

‘‘बोलले की!’’

‘‘फोनवर नाही. समोर बसून.’’

‘‘तू कोणाच्या बाजूने आहेस?’’

तिने कप विसळला, पालथा घातला आणि गेली. सगळ्यांना अल्बम बाहेर यायला हवा आहे. कसा का येईना! मी कानाला निरोप धाडला — दादाचे ड्रम्स परत आले नाहीत, तर अल्बम निघणार नाही. गाणी माझी आहेत. फेकून देईन.

बुधवार, १२ मार्च

ठरलं. उद्या दुपारी दादाला स्टुडिओत नेते. माझी एक ओळ पुन्हा गायचीय, सोबत ये, असं सांगितलंय. तिथे गेल्यावर बसवते ड्रम्सवर. सगळ्यांसमोर. काचेपलीकडच्या त्या कानात शिरू दे एकदाचं!

गुरुवार, १३ मार्च

कुठून सुरू करू?

दादा आला. वहिनीही आली सोबत, का ते कळलं नाही. कानाने दादाला बघितलं आणि उठून उभा राहिला. मी कुणाला बोलूच दिलं नाही. आधी मिक्स लावायला सांगितलं, मोठ्याने.

‘‘ऐक दादा! तुझ्या जागी हे बसवलंय. ऐकवतं का? नुसतं प्रेत चालतंय!’’

दादा खाली मान घालून ऐकत होता. गाणं संपेपर्यंत.

‘‘एवढं वाईट आहे?’’ एवढंच म्हणाला.

‘‘घाण आहे! चल, बस. दाखव यांना.’’

‘‘आज नको, चिमे.’’

‘‘आजच!’’

वहिनी म्हणाली, ‘‘अगं, नको म्हणतोय ना तो —’’ मी तिचंही ऐकलं नाही. त्याचा दंड धरून आत नेलं, स्टिक हातात दिल्या, हेडफोन चढवला. मी समोर गिटार घेऊन उभी राहिले. सुरू केलं.

आणि काय वाजवलं त्याने! तोच रेलून दिलेला ठोका. अंगावर काटा आला. मी काचेकडे बघून हसले — विजयी, निर्लज्ज हसू. तेवढ्यात डाव्या हातातली स्टिक खाली पडली. त्याने उचलली, ‘घामाने निसटली’ म्हणाला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने उचललीच नाही. डावा हात मांडीखाली दाबून बसला. लहान मुलं चॉकलेट लपवतात तसा.

काचेपलीकडे कान पाठमोरा उभा होता. वहिनी आत आली, दादाला उठवलं, गाडीकडे घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलं नाही.

बघा काय केलं या माणसाने! एवढा पट्टीचा वादक, त्याचा धीरच खचवला. आपल्याला काढून टाकलंय हे कळल्यावर कोणाचा हात थरथरणार नाही? मी कानाला तसं तोंडावर सांगितलं. तो फक्त ‘घरी जा’ म्हणाला.

घरी आलेय. दार आपटून बसलेय, रागाने. रागानेच.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी दादा आला. एकटा, रिक्षाने. गाडी चालवणं केव्हाच बंद केलंय म्हणाला; फोनवरची ती गरम होणारी गाडी थापच होती. डॉक्टरांनी आजाराला दिलेलं नावही सांगितलं. ते मला इथे लिहायचं नाही. बरा होणारा नाही.

कानाला त्यानेच गप्प बसवलं होतं. ‘अल्बम हातात पडेपर्यंत तिला सांगायचं नाही.’

‘‘आणि ते मशीन?’’ मी विचारलं.

‘‘मशीन कुठलं, चिमे? मीच आहे तो. उजव्या हाताने एकेक ठोका द्यायचो, कान ते जुळवून ओळीत लावायचा. महिनाभर बसलो आम्ही.’’

मग म्हणाला, ‘‘खरंच आवडलं नाही का गं तुला?’’